दारिनाचा निरोप

दारिनाचं हे नेहमीचंच होतं. निघताना माणसानं माणसाच्या तोंडाकडे बघून चार शब्द बोलावेत, ही साधी गोष्ट तिला जन्मात जमली नाही. शाळेची सहल निघाली की बाकीची पोरं खिडकीतून हात हलवायची आणि ही ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसायची. लग्नाच्या सकाळी मुलीनं उंबऱ्यावर आईबापासमोर उभं राहून त्यांचे आभार मानायचे असतात. सगळ्या मानतात, रडतात, नाकं लाल करून घेतात. आमच्या बाईसाहेबांचा बूट चावत होता. बूट काढ, बूट घाल, त्या गडबडीत आभार राहिलेच आणि गाडी सुटली. इंग्लंडला गेली तेव्हा तर विचारूच नका. आणि गेल्या महिन्यात मेली तीही तशीच. तिकडे, समुद्राकाठच्या त्या गावात, रात्रपाळी संपवून परत येताना, बसच्या थांब्यावर, डोक्यातली शीर फुटून, कुणाला एक शब्द न बोलता. पोटची पोर गेली तर बाईनं रडावं, असं आमच्या ब्लॉकमधल्या बायकांचं मत आहे. लिफ्टमध्ये त्या माझ्या डोळ्यांखाली ओल शोधतात. मी रडत नाही. मी चिडलेली आहे, आणि चिडलेलं माणूस रडायला लागलं की त्याचं कुणी ऐकत नाही, हे मी शाळेच्या खानावळीत आयुष्यभर डाव फिरवून शिकलेय. बाकी मी फारसं काही शिकलेली नाही.

गुरुवारी मी खसखस आणि मैदा घेऊन दुकानातून येत होते. शनिवारी गावाला दफन, आणि नंतरच्या जेवणाला केक विकतचे आणू या, असं रुदो म्हणाला होता. रुदो माझा मुलगा, दारिनाचा धाकटा भाऊ. ट्रक चालवतो, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट पेट्रोलपंपावर मिळते असं त्याला वाटतं. मी म्हटलं, माझ्या मुलीच्या मातीला विकतचे केक आले तर मीच त्या खड्ड्यात उतरेन. तर, लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरची पोरगी होती, एका हातात कुत्रा, दुसऱ्या हातात फोन. कुणाच्या तरी दुखऱ्या दाढेबद्दल बोलत होती, सगळं आपल्या स्लोव्हाकमध्ये, चांगलं स्वच्छ. सातवा आला, दार उघडलं, कुत्र्यानं तिला ओढलं, आणि बाहेर पडता पडता ती फोनमध्ये म्हणाली, "टेक केअर!" एवढंच. दार मिटलं. मी नववा दाबला होता की नाही ते मला आठवेना. लिफ्ट तशीच उभी राहिली. त्या लोखंडी पेटीत ओल्या कुत्र्याचा वास, माझ्या मुठीत खसखशीची पुडी, आणि त्या पोरीच्या तोंडून निघालेला दारिनाचा आवाज. शब्द सोडा, तो आता सगळेच वापरतात. तो सूर. शेवट जरासा वर उचलायचा आणि तिथंच सोडून द्यायचा, जसं कुणी दार लावता लावता अर्ध्यावरच निघून जावं आणि मग घरभर वारा येत राहावा. खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली. मी पिशवीसकट खाली गेले. चौथ्या मजल्यावरच्या बाई आत आल्या, म्हणाल्या, "एतेलाबाई, आत्ताच वर गेलात ना तुम्ही?" मी म्हटलं, "हवा खातेय."

आधी असं नव्हतं. आधी शब्दच नव्हते, आणि ते दिवस बरे होते असं मला आता वाटतं. दारिना निघाली तेव्हा लिव्हिया, तिची मुलगी, माझ्या कमरेला लागत होती. पोरीचा बाप कधीच निघून गेला होता, त्याच्याबद्दल मी शाई घालवत नाही. बसस्टँडवर दारिना बॅगा मोजत होती, पुन्हा मोजत होती, ड्रायव्हरला विचारत होती की ही आत घेऊ की खाली टाकू. लिव्हियाला तिनं पोटाशी धरलं, पण बघत होती बॅगांकडे. लिव्हियाच्या गळ्यात दोरीला आमच्या घराची किल्ली होती, ती दोघींच्या मध्ये दाबली गेली. संध्याकाळपर्यंत पोरीच्या छातीवर किल्लीचा ठसा होता. मग दारिना माझ्याकडे आली. माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. म्हणाली, "बरं मग, आई." बरं मग! मी थांबले होते. म्हणजे, आता ही काहीतरी म्हणेल म्हणून मी उभी होते. माझ्या आईनं मला ओरावाच्या डोंगरातून या शहरात धाडलं तेव्हा तिनं माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला होता आणि म्हणाली होती, देवाबरोबर जा. तिला सही करता येत नव्हती, पण निरोप देता येत होता. मी दारिनाच्या तोंडाकडे बघत राहिले आणि ती माझ्या बटणाकडे. शेवटी मीच म्हटलं, "पोचलीस की एक रिंग दे. मी उचलणार नाही." "माहीत आहे, आई," ती म्हणाली, आणि चढली.

त्या काळात सगळे तसंच करायचे. बाहेर गेलेलं माणूस एकदा वाजवायचं आणि ठेवायचं. घरच्यांनी उचलायचं नाही, उचललं की बोलणं, बोलणं म्हणजे खर्च. वाजलं म्हणजे पोचली, आहे, जिवंत आहे. दर रविवारी सूप उकळायच्या वेळेला कपाटावरचा फोन एकदा वाजायचा. मी कोंबडीवरचा फेस काढत असायची. "तुझी आई," मी म्हणायची. "हं," लिव्हिया म्हणायची, वहीतून डोकं वर न काढता. त्या एका रिंगमध्ये मला सगळं कळायचं. अर्धवट तुटली तर घाईत आहे, पाळी बदललीय. लांबली तर थकलीय, ठेवायला विसरलीय, कुठंतरी पायरीवर बसून आमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणतेय. एकदा ती वाजतच राहिली. पाचदा, सहादा. लिव्हियानं माझ्याकडे बघितलं. मी हात पुसले, फोनवर हात ठेवला, उचलला नाही. हाताखाली तो थरथरत होता, पिंजऱ्यातल्या पाखरासारखा. मग थांबला. ते नियमाला धरूनच होतं. मी नियम मोडणारी बाई नाही.

मग बोलणं फुकट झालं आणि तोंडं दिसायला लागली. फुकट झालं आणि संपलं. दर रविवारी लिव्हिया तो पाटीसारखा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि त्यात दारिनाचं कपाळ यायचं, कपाळ आणि मागचा दिवा, कारण तिला तो नीट धरता यायचा नाही. ती तिकडे म्हाताऱ्यांच्या घरात कामाला होती; परक्या म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. मी विचारायची, काय जेवलीस. ती सांगायची. ती विचारायची, गुडघा कसा आहे. मी म्हणायची, आहे. मग दोघी कपाळांकडे बघत बसायचो. मग ती म्हणायची, "चल आई, टेक केअर," आणि काळं व्हायचं. मी पहिल्यांदा लिव्हियाला विचारलं, काय म्हणाली ती? लिव्हिया तेव्हा मोठ्या शाळेत होती. "काही नाही गं आजी. ठेवते, असं." पुढल्या वेळी विचारलं तर म्हणाली, "जपून राहा, असं." त्यापुढल्या वेळी: "मजेत राहा." मी म्हटलं, दर आठवड्याला वेगळं कसं गं असतं? की तू मला जे आवडेल ते वाढतेस? ती हसली. "आजी, ते तसंच असतं. ज्याला म्हणाल त्याच्यावर आहे." हे मला पटलं नाही. दारिना ते दुधवाल्यालाही म्हणत असणार आणि त्या म्हाताऱ्यांनाही, आणि मलाही तेच, त्याच पातेल्यातून.

लिव्हियाला पुढे त्याच, इंग्रजीचं आपल्या भाषेत आणायच्या, धंद्यात जायचं होतं, हा योगायोग की सूड ते मला माहीत नाही. इंग्रजी मालिका चालू असताना खाली आपली अक्षरं येतात, ती लिहिणं हे तिचं काम. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसते, कारण तिथं उजेड बरा आहे. कानात बोळे, समोर पडदा, आणि मध्येच एक बोळा काढून मला विचारणार. त्या मालिकांमध्ये मरणारा सोडून प्रत्येक माणूस टेक केअर म्हणतो, आणि कधी कधी मरणाराही. "आजी, एक माणूस तुरुंगातून सुटलाय. फाटकावरचा शिपाई त्याला म्हणतो. काय म्हणेल?"

"आपला शिपाई? काही म्हणणार नाही. फाटक लावेल."

"तोंड हलतंय त्याचं, आजी. काहीतरी लिहावं लागतं."

"मग लिही, परत दिसू नकोस."

ती खिदळायची. "बरं, हा गुंड आहे. दुकानदाराला दम देऊन निघालाय."

"बायकोला नमस्कार सांग."

"डॉक्टर, म्हातारीला."

"मीठ कमी खा."

"एक मुलगा. स्टेशनवर. ती कायमची चाललीय, आणि त्याला ते माहीत आहे."

मी पीठ मळत राहिले. मग म्हटलं, "त्यानं काही बोलू नये. त्यानं तिची बॅग उचलावी."

"अक्षरांत बॅग उचलता येत नाही, आजी."

माझं काहीच शेवटी जात नसे. वरच्या लोकांना ते लांब वाटायचं, किंवा फार वाटायचं, आणि त्या शिपायापासून त्या मुलापर्यंत सगळ्यांच्या खाली ते 'स्वतःला जपा' असं छापायचे. स्वतःला जपा! कोण असं बोलतं? औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं. मी लिव्हियाला तसं म्हटलं की ती बोळा परत कानात घालायची. आता वाटतं, ती मला कामाचं विचारत होती की आणखी काही? पोरगी मोठ्या शाळेत होती तेव्हापासून तिच्या आईचं प्रत्येक बोलणं त्या दोन शब्दांवर संपत आलंय. पण मी कुणाच्या मनात शिरत नाही. माझ्यात शिरलेलं मला आवडत नाही.

दारिनाला रुदो आणि लिव्हिया विमानानं घेऊन आले. तिकडेच दहन झालं होतं, आता राखेचा एक कलश. रुदोनं तो कपाटावर ठेवला, फोन असायचा तिथं. मी तो तिथून काढून खिडकीशी ठेवला, आणि दुपारी पुन्हा जागा बदलली, कारण खाली रेडिएटर आहे आणि तिला गरम सहन व्हायचं नाही. खिडकी उघडली. आरसा झाकला. हे सगळं माणूस घरात मरतं तेव्हा करतात, पण ती घरात मेली नाही हा काही माझा दोष नव्हे. दाराशी तिच्या सपाता आहेत, निळ्या, प्रत्येक नाताळात ती यायची तेव्हा घालायची. लिव्हिया म्हणाली, "आजी, त्या आता आत ठेवू या का?" मी म्हटलं, "तुला अडचण होतेय का?"

आणि गुरुवारी, मी लिफ्टमधून एकदाची वर पोचले तेव्हा, लिव्हिया टेबलाशी कागद घेऊन बसली होती. पडदा बंद, कानात काही नाही. "निरोप लिहितेय," ती म्हणाली. आमच्या गावात मेलेल्यानं निरोप घेतल्याशिवाय त्याला मातीत सोडत नाहीत. थडग्याशी चर्चचा गाणारा उभा राहतो आणि मेलेल्याच्या तोंडानं बोलतो: मी चाललो, माझ्या बायको, माझ्या मुला, माझ्या शेजाऱ्या, चुकलंमाकलं माफ कर. एकेकाचं नाव घेऊन, यमकात. सगळ्यांत शेवटी, जे आधीच पलीकडे गेलेत त्यांना हाक मारतो की आलो, दार उघडा. त्याला उत्तर द्यायचं नसतं. मेलेला बोलतो, जिवंतांनी नाक पुसायचं. गावात हे काम इम्रिख करतो, माझ्याबरोबर शाळेत होता, नाकाला कायम शेंबूड आणि आवाज मात्र देवाचा. त्याच्याकडे ठरलेल्या ओळी आहेत, फक्त नावं बदलतो.

"मला इम्रिखकाकांच्या ओळी नकोत," लिव्हिया म्हणाली. "आई असं कधी बोलली का? ती सगळ्यांना एकच म्हणायची. मी तेच आपल्या भाषेत घालतेय. ज्याला जसं."

मी मैदा चाळायला घेतला. "आणि छापणार काय? स्वतःला जपा?"

"म्हणूनच तुला विचारतेय. रुदोमामाला काय म्हणाली असती?"

"डोळे मिटायला लागले की गाडी कडेला घे. आणि ते पंपावरचं सॉसेज खाऊ नकोस."

तिनं लिहिलं. सॉसेजसकट. "विल्मामावशीला?" विल्मा लग्न करून आमच्या गावात गेली, इथं शाळेत दारिना आणि ती एका बाकावर बसायच्या. नवरा पितो, मारतो, जातो, परत येतो.

"विल्माला म्हणेल, त्या बैलाला पुन्हा घरात घेऊ नकोस."

"आजी, अख्ख्या गावासमोर वाचणार आहेत!"

"म्हणून तर."

ती थोडा वेळ पेनचं टोक चावत बसली. मग लिहिलं आणि वाचून दाखवलं: "विल्मा, किल्ली तुझ्याकडेच ठेव." बरं होतं ते. मग तिनं कागदावर आडवा हात धरला, परीक्षेत पोरं धरतात तसा, आणि एकच ओळ लिहिली. ती तिची स्वतःची असणार. मी चाळणीकडे बघत होते. बाहेर डॅन्यूबकडून वारा यायला लागला होता आणि उघड्या खिडकीचा पडदा त्या कलशावर येऊन परत जात होता, येऊन परत जात होता, जसं कुणी ताप बघायला कपाळावर हात ठेवावा.

"आणि तुला, आजी?"

"मला काही नको."

"असं नसतं. आईचं नाव नसलं तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना केक मिळतील."

"आजी, तिनं तुला म्हटलंच असतं ना काहीतरी."

"म्हटलं की. दर रविवारी. इंग्रजीत. तेच ठेव, इम्रिखला वाचता येतं का बघू."

लिव्हियानं पेन टाकलं. "तू मेलेल्या माणसाशीही भांडतेस."

"दुसरं कुणी भांडण्यासारखं राहिलंय का?"

ती रडली, तोंड न लपवता, लहानपणी रडायची तशी, आणि मी मळत राहिले. पीठ चांगलं होतं, हाताला ऊब देणारं. मला नको होतं असं नाही. उलट आहे. बसस्टँडवर उभी होते तेव्हापासून मला तेच हवं होतं. एकदा तिनं माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी म्हणावं, माझ्यासाठी म्हणून काढून ठेवलेलं, दुधवाल्याला न वाढलेलं. आणि आता ते मिळणार तर लिव्हियाच्या हातचं आणि इम्रिखच्या तोंडून. परवा लोक म्हणतील, किती सुंदर निरोप घेतला आईचा! आणि मला मान हलवावी लागेल. दुसऱ्यानं शिजवायचं आणि माझ्या मुलीच्या नावानं मला वाढायचं. नाही चालत मला. लिव्हियानं नाक पुसलं, कागद पुढे ओढला आणि म्हणाली, "शेवटी जागा सोडतेय. तुला वाटलं तर सांग." मी सांगितलं नाही. शुक्रवारी केक झाले, तिनं पुन्हा विचारलं, मी म्हटलं भट्टीचं दार लाव.

शनिवारी रुदोनं गाडी आणली. "आई, तिला डिकीत नीट ठेवू का? हलणार नाही."

"तुला ठेवते डिकीत."

मी कलश मांडीवर घेतला आणि पट्टा दोघींच्या भोवती लावला. रस्ताभर तो पोटाला लागत होता. डोंगर सुरू झाले तसा उताराच्या सावलीत मळका बर्फ दिसायला लागला. दारिना गाडीत नेहमी आजारी पडायची. मांडीवर डोकं ठेवून झोपवावं लागायचं आणि वळणावर वळणावर मी तिचं कपाळ धरून ठेवायची. रुदो वळणं जोरात घेत होता. मी म्हटलं, "हळू." तो म्हणाला, "हळूच आहे, आई." मी कलशाच्या झाकणावर हात ठेवून होते हे मला उतरतानाच कळलं, बोटं आखडली होती.

आमचं थडगं चर्चच्या भिंतीशी आहे. काळा दगड. माझा नवरा श्टेफान तिथं कधीचा झोपलाय आणि त्याच्या नावाखाली माझं नाव तेव्हाच कोरून घेतलंय: एतेला, जन्मसाल, एक रेघ, आणि पुढे कोरी जागा. सगळ्या विधवा तसं करतात. एकदम कोरलं की अक्षरं सारखी येतात, आणि मागे राहिलेल्यांना खर्चात पाडायला नको. माझी अक्षरं सरळ यावीत म्हणून मी त्या कारागिराशी भांडले होते. दर नोव्हेंबरात संतांच्या सणाला मी माझ्या नावासमोरही दिवा लावते. दारिनाला फोनमध्ये एकदा दाखवलं होतं, तर कपाळ बाजूला झालं आणि म्हणाली, "आई, बंद कर ते." आता त्या दगडासमोर हातभर खड्डा खणलेला होता, आणि दगडावर तिच्यासाठी जागाच नव्हती. श्टेफान, मी, आणि तळाला क्रूस. तिचा कुणी विचारच केला नव्हता. करणार तरी कोण आणि का.

इम्रिखनं चष्मा लावून कागद बघितला आणि माझ्याजवळ आला. म्हातारा झालाय. "एतेला, यात यमक नाही."

"तिला येत नव्हतं यमक."

"आणि हे सॉसेज काय आहे?"

"वाच तू."

पाद्रीबाबांची प्रार्थना झाली. गाव आलं होतं, विल्मा आली होती, एका डोळ्याभोवती पावडर जास्त. इम्रिख पुढे झाला आणि त्या आवाजात, जो अजून तसाच आहे, दारिना बोलायला लागली. रुदो, डोळे मिटायला लागले की गाडी कडेला घे. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सॉसेजपाशी रुदोला हसू फुटलं, खांदे हलले, मग ते हलतच राहिले आणि त्याच्या बायकोनं त्याला धरलं. विल्मा, किल्ली तुझ्याकडेच ठेव. विल्मानं पर्स छातीशी घट्ट केली. मग इम्रिख थबकला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि सावकाश वाचलं, "लिव्हिया, किल्ली आहे ना गळ्यात?"

लिव्हिया माझ्या शेजारी होती. तिचा हात तिच्या गळ्याशी गेला. तिथं काही नव्हतं, शाल होती.

आणि कागद संपला. इम्रिखनं तो उलटून बघितला. मागे कोरा. मला कळलं की आता ती जागा आलीय, मी सोडायला लावलेली, आणि माझ्या कानात पाणी भरल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्यांना त्यानं पोचवलं ते सगळे म्हातारे, त्यांचे आईबाप कधीच गेलेले. त्याच्या जिभेला दुसरा शेवट ठाऊकच नाही. त्यानं मान वर केली. समोर दगड, दगडावर दोन नावं. बर्फात वाट हरवलेला घोडा घराच्या वासानं चालायला लागावा तसा त्याचा आवाज आपोआप यमकात शिरला, आणि किती सुरेख शिरला:

"दार उघडा, आले घरी, वाट सरली डोंगरातली;
माय एतेला, बाप श्टेफान, आधी गेलेली माणसं आपली!"

कुणीतरी श्वास ओढला. "काका!" रुदो दबक्या आवाजात म्हणाला. इम्रिखनं माझ्याकडे बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं, लहानपणी राहायचं तसं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी खालीच होते. त्या एका क्षणात मी तिथं आत श्टेफानच्या शेजारी होते, सगळं आवरून झालेलं, सूप गॅसवर, आणि वरून पावलांचा आवाज येत होता. दारिना घरी येत होती, म्हातारी होऊन, पांढऱ्या केसांची, रीतसर, माझ्यानंतर. ओळ चुकलीच नव्हती. जगच तिच्याप्रमाणे वागलं नव्हतं. मग गार वारा लागला आणि मी पुन्हा वर होते, बूट चिखलात, आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि लिव्हियानं माझं कोपर पकडलं होतं. इम्रिख म्हणाला, "एतेला, देवाशपथ, मी..."

"गप्प बस, इम्रिख," मी म्हटलं.

उत्तर द्यायचं नसतं. मी माझं कोपर सोडवून घेतलं, खड्ड्याच्या काठाशी गेले. कलश आत होता, वर मूठभर माती. वाकता येत नाही मला, म्हणून उभ्यानंच बोलले, मोठ्यानं, म्हणजे पोचेल.

"दारिना, इकडे बघ. मी इथं आहे, वर. तू न विचारता गेलीस, तेव्हाही आणि आताही, आणि हे तू बरं केलं नाहीस. हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. माझ्या आधी जायचा तुला काही हक्क नव्हता. आता बाबांच्या बाजूला सरक आणि माझी जागा राहू दे. डोकं झाकून घे, तिथं ओल असेल. आणि पोचलीस की एक रिंग दे. मी उचलणार नाही."